मदत हवी आहे: उरलेल्या हॅमचे कॅसरोल खारट झाले आणि दूधही फुटले

सर्वांना नमस्कार. आम्ही मिनेसोटात राहतो. नाताळानिमित्त यजमानांच्या कार्यालयातून नऊ पौंडांचे, हाडासकट आणि आधीच गोल चकत्या कापलेले हॅम (मिठात मुरवलेले डुकराच्या मांडीचे मांस) भेट मिळाले. 25 तारखेला जेवणारे आम्ही पाचच असल्याने त्यातले निम्म्याहून अधिक उरले आहे.

काल त्याचे बटाटे घालून कॅसरोल केले, ज्याला इथले लोक हॉटडिश म्हणतात. बटाट्याच्या कच्च्या चकत्या, हॅमचे तुकडे आणि किसलेले चेडर चीज यांचे थर लावले, सवयीने चमचाभर मीठ घातले, त्यावर 2 टक्के स्निग्धांशाचे दूध व डब्यातले मशरूम सूप ओतले आणि 400 अंश फॅरनहाइटवर तासभर उघडेच भाजले. वरचा थर करपला, मधले बटाटे कच्चे राहिले आणि दूध तर फुटलेल्या कढीसारखे कण आणि पाणी असे वेगवेगळे झाले. खारटपणामुळे मुलांनी दोन घासांतच ताटल्या बाजूला सारल्या.

31 तारखेला आमच्याकडे वीस मराठी मंडळी येणार आहेत आणि त्यांतले सात-आठ जण डुकराचे मांस खात नाहीत. काल नेमके कुठे चुकले, हॅम तोपर्यंत टिकेल का आणि हातात घेऊन खाता येईल असे त्याचे काय करता येईल, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद 1

ताई, टिकण्याचे आधी पाहू, कारण ते आजच करायला हवे. असे चकत्या कापलेले शिजलेले हॅम फ्रिजमध्ये तीन ते पाच दिवसच ठेवावे असे अमेरिकेच्या कृषी खात्याचे सांगणे आहे, म्हणजे 31 तारीख त्यात बसत नाही. अर्धा-अर्धा किलोच्या पिशव्या हवा काढून आजच फ्रीजरमध्ये टाका आणि 30 तारखेच्या रात्री लागेल तेवढेच फ्रिजमध्ये उतरवा. फ्रीजरमधले हॅम थोडे पाणी सोडते, त्यामुळे थंड चकत्या म्हणून ते फिके लागते, पण भाजायच्या पदार्थांत ते कळत नाही.

आता कॅसरोल. हॅम मुळात मिठाच्या पाण्यात मुरवलेले, सूप खारट, चीजही खारट. त्यात वेगळे मीठ घालायची गरजच नव्हती. दूध फुटले ते मीठ, कडक आच आणि कमी स्निग्धांश या तिन्हींमुळे. कढी फुटू नये म्हणून आपण ताकाला बेसन लावतो, तसाच दुधाला मैद्याचा आधार द्यावा लागतो. किलोभर बटाट्यांसाठी तीन मोठे चमचे लोण्यात तेवढाच मैदा कच्चट वास जाईपर्यंत परतून अडीच कप पूर्ण स्निग्धांशाचे दूध थोडे थोडे घाला, दाटसर झाले की आचेवरून उतरवून मगच चीज मिसळा. सुपाचा डबा वगळा. बटाट्याच्या पातळ चकत्या पाच मिनिटे उकळून घ्या, हॅम दोन कपच घाला आणि 350 अंशांवर फॉइलने झाकून 45 मिनिटे व नंतर उघडून वीसेक मिनिटे भाजा.

प्रतिसाद 2

पार्टीसाठी स्लायडर, म्हणजे सारण भरलेले छोटे पाव, करा. एकमेकांना चिकटलेल्या बारा गोडसर पावांची लादी न सुटवता आडवी कापावी, आत हॅम व स्विस चीज पसरावे, वरून अर्धा कप वितळलेले लोणी, चमचाभर डिजॉन मोहरी (बाटलीत मिळणारी मोहरीची तयार पेस्ट), किसलेला कांदा आणि खसखस यांचे मिश्रण लावून झाकून 350 अंशांवर वीस मिनिटे भाजावे. (इथली खसखस काळसर निळी असते; घरात आपली पांढरी असेल तर तीही चालते.) हॅम न खाणाऱ्यांसाठी मशरूमची लादी वेगळ्या ट्रेमध्ये करा, सुरीही वेगळी ठेवा आणि दोन्हींवर ठळक चिठ्ठी लावा. दिसायला दोन्ही सारखेच असतात, आमच्याकडे एकदा त्यावरून फार अवघड प्रसंग आला होता.

हाड टाकू नका. सोललेल्या वाटाण्याच्या डाळीत ते दीड-दोन तास मंद शिजवले की सूप होते, आणि त्यालाही मीठ शेवटी चव घेऊनच घाला.

धागाकर्ती

मनःपूर्वक आभार. चार पिशव्या फ्रीजरमध्ये गेल्या, हाड पातेल्यात आहे. स्लायडर आदल्या रात्री भरून ठेवले तर चालतील का?

प्रतिसाद 2

30 तारखेला सकाळीच हॅम फ्रिजमध्ये उतरवून रात्री भरले तर चालतील, मात्र हॅम कागदी रुमालाने टिपून घ्या आणि लोण्याचे मिश्रण भाजायच्या वेळीच लावा, नाहीतर पाव खालून ओले होतील.