मदत हवी आहे: मुदत संपल्यावर दुसर्‍याचा पॅच घेतला, माझा नाही. विचारू की गप्प बसू?

नमस्कार मंडळी,

प्रकल्पाचं नाव मुद्दाम देत नाही. मजकुरात शोध घेणारी एक ओपन सोर्स लायब्ररी (इतर प्रोग्रॅमना वापरता येणारा खुला कोड) आहे, बऱ्यापैकी वापरात आहे, एवढं पुरे. मी दिवसा नोकरी करतो, हे काम रात्री आणि रविवारी. हौसेचं, बिनपगारी.

पॅच, म्हणजे मी सुचवलेला कोडमधला बदल, छोटा आहे. 'वाऱ्यावर', 'नोकऱ्या' यांतला आडवा अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो. एकात ऱ हे वेगळंच अक्षर असतं आणि त्याला हलन्त लागतो. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी हे दोन वेगळे शब्द. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) केलं तरी ते एक होत नाहीत. म्हणजे जुन्या लेखात 'नोकऱ्या' दहा वेळा असेल आणि तो जुन्या पद्धतीने टाइप केलेला असेल, तर शोध कोरडा परत येतो. माझ्या पॅचने दोन्ही रूपं शोधापुरती एक मानली जातात. साठेक ओळी, वर टेस्ट.

आता घटनाक्रम. फीचर फ्रीझच्या (त्यानंतर नवं काम आत घेत नाहीत) सात आठवडे आधी पॅच दिला. पाच आठवडे चिटपाखरू नाही. एकदा नम्रपणे आठवण केली, त्यावर कुणीतरी अंगठा दाखवला (वर केलेला). मग ऐन धनत्रयोदशीला रिव्ह्यू आला: आणखी टेस्ट हव्यात, आणि मोठ्या मजकुरावर वेग किती पडतो त्याचे आकडे द्या. मुदत पाडव्याची. लक्ष्मीपूजन उरकून बसलो, आकडे काढले, पाडव्याच्या रात्री, म्हणजे घड्याळात दीड वाजता, नवी आवृत्ती पाठवली. सकाळी उत्तर: 'छान काम, पण फ्रीझ लागला, पुढच्या रिलीझला बघू.' पुढचं रिलीझ सहा महिन्यांनी. नियमात फक्त तारीख होती, कुठल्या देशातली ते नव्हतं. युरोपात तेव्हा रात्रीचे बारासुद्धा वाजले नव्हते.

इथवर मी सोडून दिलं होतं. पण पाच दिवसांनी एका मेंटेनरच्या (प्रकल्प सांभाळणाऱ्याच्या) सहकाऱ्याचा सातशे ओळींचा बदल 'अपवाद' म्हणून मर्ज झाला, म्हणजे मुख्य कोडात गेला. दोघं एकाच कंपनीत पगारावर हेच काम करतात. तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. विचारलं तर रडका ठरेन का? न विचारलं तर पुढच्या वेळी परत हेच?

प्रतिसाद – जुना_खोडरबर

आधी थोडं कडू. तुम्ही मुदतीला पॅच देण्याची मुदत समजलात. बहुतेक ठिकाणी ती पॅच आत गेलेला असण्याची मुदत असते. लिनक्स कर्नेलची (लिनक्सच्या गाभ्याची) मर्ज विंडो, म्हणजे नवं काम आत घ्यायचा काळ, दोन आठवड्यांची, आणि नवखे नेमके त्याच दोन आठवड्यांत पॅच पाठवतात. तेव्हा मेंटेनर आधीच तपासून ठेवलेला माल कर्नेलचे प्रमुख लिनस टोरवाल्ड्स यांच्याकडे पोचवण्यात गुंतलेला असतो. खरा दरवाजा त्याआधी आठवडाभर तरी बंद झालेला असतो.

आणि मुदतीचा बडगा मोठ्यांनाही बसतो. बीकॅशएफएस या फाइल सिस्टिमचं (डिस्कवर फाइली ठेवायची व्यवस्था) प्रकरण आठवा. तिचे लेखक केंट ओव्हरस्ट्रीट आरसीच्या काळात (रिलीझआधी फक्त दुरुस्त्या घेतात तेव्हा) दुरुस्त्यांबरोबर नवं कामही पाठवायचे, त्यावरून २०२४ मध्ये आणि पुन्हा जून २०२५ मध्ये लिनस टोरवाल्ड्सशी खटके उडाले. शेवटी ६.१८ या आवृत्तीतून ती फाइल सिस्टिम कर्नेलबाहेर गेली. केंट यांचं म्हणणं होतं की वापरणाऱ्यांचा डेटा वाचवायचा तर थांबता येत नाही. मला दोघांचंही थोडं थोडं पटतं, पण तो वेगळा धागा होईल.

प्रतिसाद – मधली_सुट्टी

खोडरबर, पाच आठवड्यांच्या शांततेचं काय? मुदत सगळ्यांना सारखी, रिव्ह्यू नाही. ज्याचा रिव्ह्यूवाला शेजारच्या खुर्चीत बसतो त्याला सात आठवडे मिळतात, आणि यांना चार दिवस, तेही दिवाळीचे. कर्नेलच्या नेटवर्किंगवाल्यांनी २०२४ च्या नाताळात नवं काम घेणं बंद ठेवलं होतं. चांगलंच केलं. आपल्या सणाला कोण थांबतं?

पोस्टग्रेस या डेटाबेसच्या प्रकल्पात मी थोडं काम केलंय. तिथे वर्षात पाच कमिटफेस्ट, म्हणजे पॅच तपासायच्या फेऱ्या, होतात: जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर, जानेवारी, मार्च. पॅच यादीत लागतो, त्यामुळे तो कुठे पडून आहे ते सगळ्यांना दिसतं. जो पॅच देतो त्याने तेवढ्याच वजनाचा दुसऱ्याचा पॅच तपासावा अशी अपेक्षा असते. शेवटच्या मार्चच्या फेरीत एकदम नवा, मोठा पॅच आणू नये असा संकेत आहे. आणि तुमचा 'कुठली तारीख' हा घोळ तिथे होत नाही. २०२५ चा फ्रीझ ८ एप्रिलला शून्य वाजता होता, पण पृथ्वीवर सगळ्यात शेवटी जिथे ती वेळ येते तिथल्या घड्याळाने. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेपाच. तरीही तिथे शेवटच्या आठवड्यात कमिटर (पॅच आत घ्यायचा हक्क असलेल्या) मंडळींची झुंबड उडतेच, ते काही सुटलेलं नाही.

प्रतिसाद – जुना_खोडरबर

मान्य. मग धागाकर्त्यांना एक काम: तो अपवाद कुणी, कुठे मागितला ते आधी शोधा. सुरक्षेची दुरुस्ती असेल तर तुमचा मुद्दा तिथेच पडतो.

दुसरं, तुम्ही पॅचवर 'फीचर' हे लेबल का लावलंत? असलेला शब्द सापडत नाही, हा सरळ बग, म्हणजे कोडमधली चूक, आहे. बगच्या दुरुस्त्या फ्रीझनंतरही जातात.

प्रतिसाद – धागाकर्ता

शोधलं. सुरक्षा वगैरे काही नाही. आठवड्याच्या बैठकीत त्यांनी अपवाद मागितला, दोन मेंटेनरांनी हो म्हटलं, टिपणात एका ओळीची नोंद आहे. लपवाछपवी नाही. पण अपवाद मागता येतो हेच मला ठाऊक नव्हतं, नियमांच्या पानावर त्याचा उल्लेखही नाही. राग अर्धा उतरला, अर्धा जागा बदलून बसला.

लेबलचं म्हणाल तर मीच घाबरून 'फीचर' लावलं. बग म्हटलं तर उद्धटपणा वाटेल असं वाटलं.

हा मसुदा बघता का: 'फ्रीझनंतर अपवाद कसा मागायचा हे नियमांच्या पानावर लिहावं, आणि तारखेसोबत वेळ व टाइमझोन द्यावा. दोन्हींसाठी बदल सोबत जोडला आहे. पुढच्या फेरीत दोन पॅच तपासायची माझी तयारी आहे.' त्या सातशे ओळींबद्दल अवाक्षर काढलेलं नाही.

प्रतिसाद – मधली_सुट्टी

काढा की! एक वाक्य हवंच, आरोप न करता. 'अलीकडच्या अपवादावरून हा प्रश्न पडला' इतकं. नाहीतर त्यांना वाटेल तुम्ही निव्वळ कागदपत्रं नीट करताय. आणि शोधाचा पॅच वेगळा, बग म्हणून द्या. दोन्हींची खिचडी करू नका.

प्रतिसाद – धागाकर्ता

वाक्य घातलं. दोन्ही पाठवलं, वेगवेगळं. बगवर लेबल बदलून मिळालंय, बाकी शांतता.

प्रतिसाद – सहज_आलो

काल हा धागा वाचला होता, आज शोधत होतो तर 'दुसऱ्याचा' टाकून सापडेना. शेवटी 'गप्प बसू' टाकलं तेव्हा आला.

प्रतिसाद – धागाकर्ता

शीर्षक ऑफिसच्या संगणकावरून टाइप केलंय, तिथे जुना कीबोर्ड आहे. स्क्रीनशॉट पाठवाल का? बगला जोडतो.