वीट, किळस की शिसारी?

प्रश्न: लहानपणी एका पाडव्याला श्रीखंड खाल्लं आणि त्याच रात्री ताप चढून उलट्या झाल्या. श्रीखंड बाकी कुणालाही बाधलं नव्हतं. तरी आज ३० वर्षांनीही वेलचीचा वास आला की पोटात ढवळतं. आई म्हणते, ‘तुला वीट आलाय.’ मला हा शब्द पटत नाही. नेमकं काय म्हणावं?

प्रतिसाद: वीट अतीचा येतो. रोज दुधी केला की दुधीचा वीट येतो, महिनाभर नाही केला की जातो. किळस तर नुसती पाल बघूनही येते. तुमची ती शिसारी. आमच्याकडे ‘शिसारी बसली’ म्हणतात, धास्ती बसते तशी. पण धास्ती आणि शिसारी या दोन्ही वेगळ्या, हे मला महत्त्वाचं वाटतं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकतो, पण पितो. शिसारी बसलेल्याला घोटच उतरत नाही.

हा फरक शरीरातही आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गार्सियांनी १९५५ साली उंदरांना मळमळ आणणाऱ्या गॅमा किरणांच्या माऱ्यात सॅकरिनचं गोड पाणी पाजलं. पुढे ते उंदीर गोड पाण्याला तोंड लावीनात. विजेच्या झटक्याने चव टाळायला शिकवली, तर उंदीर ती टाळतो, एवढंच. मळमळीने शिकवली, तर ती चव जिभेवर पडताच जबडा फाकतो. उंदराला उलटी करताच येत नाही, तरीही.

कारण मळमळीची आणि चवीची वाट एकच. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी सेरोटोनिन सोडतात, व्हेगस नर्व्ह ती वर्दी मेंदूच्या देठाशी पोचवते, आणि जिभेवरच्या चवीच्या नसाही तिथल्या त्याच केंद्रात उतरतात. पुढे अमिग्डाला आणि इन्सुला हे मेंदूचे भाग चव आणि मळमळीची ही गाठ पक्की करतात. मध्ये काही तास गेले तरी ती बसते. म्हणून श्रीखंड निर्दोष होतं हे तुम्हाला कळूनही उपयोग होत नाही.

प्रतिसाद: ‘अन्नावरची वासना उडाली’ हा प्रयोग इथे नको. त्यात सगळंच जेवण नकोसं होतं, शिसारी एकाच पदार्थाची असते. माझ्या मावशीने पहिल्या केमोच्या सकाळी पोहे खाल्ले होते. औषध संपलं, भूक परतली, भाकरी-पिठलं आवडीने खायला लागली. पोह्यांची फोडणी पडली की मात्र अजून उठून बाहेर जाते.