मदत हवी आहे: इंग्लंडमध्ये अप्रेंटिसशिपसाठी आपल्या दहावीचं गणित-इंग्रजी चालतं का?

ओसरी

नमस्कार मंडळी,

प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मी ३८ वर्षांची, माहेर-सासर दोन्ही कराड. २०१८ पासून मिल्टन कीन्सला आहोत, २०२४ मध्ये आयएलआर (इथे कायम राहण्याचा परवाना) झाला. दोन वर्षं मुलाच्याच प्राथमिक शाळेत मिडडे सुपरवायझर आहे. म्हणजे जेवणाच्या सुट्टीत सव्वा तास मुलांवर लक्ष ठेवायचं, डब्यांची झाकणं उघडून द्यायची, कुणी पडलं की ओला कागदी टॉवेल लावायचा. (गुडघा खरचटो की पोट दुखो, इथल्या शाळांत औषध एकच.)

जूनमध्ये हेडनी (मुख्याध्यापिकांनी) बोलावून विचारलं, टीचिंग असिस्टंटची लेव्हल ३ अप्रेंटिसशिप करणार का? शाळेतच काम, बरोबरीने शिक्षण, फीचा खर्च आपल्यावर नाही. मी तिथल्या तिथे हो म्हणून मोकळी झाले.

मग ट्रेनिंग देणाऱ्या संस्थेने संगणकावर चाचणी घेतली. निकाल: इंग्रजी लेव्हल १, गणित लेव्हल १. पाहिजे लेव्हल २.

इंग्रजीचं मी समजू शकते. मराठी माध्यम, आमच्या वेळी एबीसीडी पाचवीपासून. पण गणित? दहावीला १५० पैकी १२८ होते हो माझे! घरी येऊन आठवत बसले तेव्हा लक्षात आलं काय झालं ते. एक प्रश्न होता, १९.८ गुणिले ४.१ चं 'एस्टिमेट' (अंदाजे उत्तर) द्या. मी रीतसर गुणाकार केला, ८१.१८. त्यांना हवे होते ८०. दुसऱ्यात पाच दिवसांच्या तापमानाची 'रेंज', म्हणजे सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांतला फरक, विचारली होती. मला रेंज म्हटलं की मोबाइलचीच आठवते, मी सरासरी काढून दिली. ४८० चे १५ टक्के मात्र डोक्यातल्या डोक्यात ७२.

आता प्रश्न. महाराष्ट्र बोर्डाचं दहावीचं सर्टिफिकेट दाखवून हे टळतं का? एक मैत्रीण म्हणते, मोठ्या वयाच्यांना आता माफी आहे, हे खरं का? आणि माफी असेल तर घ्यावी का?

पावणेदोन

ताई, मी लेस्टरला एका कॉलेजात मोठ्यांना फंक्शनल स्किल्सचं (रोजच्या व्यवहारात लागणारं) गणित शिकवतो, त्यामुळे हा विषय रोजचाच.

आधी माफीचं. मैत्रीण बरोबर सांगते. पूर्वी लेव्हल ३ च्या अप्रेंटिसला शेवटच्या मूल्यमापनाला बसण्याआधी दोन्ही विषयांत लेव्हल २ दाखवावंच लागायचं. म्हणजे जीसीएसईची (आपल्या दहावीसारखी इथली परीक्षा) ग्रेड ४ (जुनी सी) किंवा फंक्शनल स्किल्सची परीक्षा. कामात तरबेज माणसं त्या एका कागदापायी अडकून पडायची, काही कंटाळून सोडून द्यायची. ११ फेब्रुवारी २०२५ ला सरकारने जाहीर केलं की सुरुवातीला वय १९ किंवा जास्त असेल, तर ही परीक्षा द्यायला लावायची की नाही ते मालकाने ठरवायचं. तुमच्या बाबतीत मालक म्हणजे शाळा, ट्रेनिंगवाली संस्था नव्हे. संस्थेने 'पाहिजेच' असं सांगितलं असेल तर हेडना सरळ विचारा, हे तुमचं म्हणणं आहे की त्यांचं? माफी फक्त परीक्षेची आहे. टीएच्या (टीचिंग असिस्टंटच्या) कामाला लागणारं वाचन-लेखन-हिशोब कोर्समध्ये असतंच.

दहावीचं म्हणाल तर परदेशी प्रमाणपत्राची तुलना यूके एनिक करून देते, फी भरून अर्ज करावा लागतो. गणिताला उपयोग होऊ शकतो. मराठी माध्यमाच्या इंग्रजीवर फार भिस्त ठेवू नका. संस्था काय मान्य करते ते आधी लेखी घ्या, मग पैसे भरा.

आता तुमच्या १२८ मार्कांबद्दल. माझ्या वर्गात आपल्याकडच्या बायका येतात त्यांचं असंच होतं. गणित येतं, गणिताची इथली भाषा येत नाही. आपण पाढे म्हणतो मराठीत, पाव-पाऊण-दीडपटीने हिशोब करतो, आणि कागदावर नुसतं उत्तर. इथे पायऱ्यांना मार्क असतात. तीन मार्कांच्या प्रश्नात उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे दोन मिळू शकतात. पेपरात २५ टक्के गुण कॅल्क्युलेटरशिवाय, ७५ टक्के कॅल्क्युलेटरसह. पहिला भाग तुम्ही खेळत खेळत कराल. दुसऱ्यात गालिचा, रंगाचे डबे, सहलीच्या बस, नकाशाची स्केल अशी शाब्दिक उदाहरणं असतात. मीन, मीडियन, मोड, रेंज, एस्टिमेट, प्रॉफिट मार्जिन असे पंधरा-वीस शब्द वहीत उतरवा आणि फ्रिजवर चिकटवा.

इंग्रजीत तीन भाग: वाचन, लेखन आणि बोलणं-ऐकणं. तिन्ही वेगवेगळे पास व्हावे लागतात. बोलण्यात लहानसं भाषण आणि चर्चा. तुम्ही रोज दीडशे पोरांना आवरता, ते जमेल. घाम फुटतो लेखनात, कारण डिक्शनरी नाही, स्पेलचेक नाही. आणि कृपा करून 'वरील विषयास अनुसरून' थाटाचं इंग्रजी टाळा. कौन्सिलला तक्रारीचा ईमेल लिहायचा असेल तर काय झालं, कधी झालं, काय हवं, संपलं.

रिकामटेकडा

माफी मिळतेय तर घ्यावी आणि मोकळं व्हावं. ३८ व्या वर्षी कुठे अपोस्ट्रॉफी घोटत बसता? सरकारनेच कबूल केलंय की हा अडथळा फुकटचा होता.

पावणेदोन

रिकामटेकडा, तुमचं अर्धं पटतं. परीक्षेपायी अप्रेंटिसशिप अडू नये. पण टीएची पुढची पायरी म्हणजे एचएलटीए (हायर लेव्हल टीचिंग असिस्टंट), तिथे दोन्ही विषयांत लेव्हल २ लागतंच. उद्या शिक्षिका व्हावंसं वाटलं तर जीसीएसई ग्रेड ४ च्या तोडीचं इंग्रजी, गणित आणि प्राथमिकसाठी विज्ञानही, आणि तिथे फंक्शनल स्किल्स बहुतेक ठिकाणी चालत नाही. म्हणून ताई, सही करताना माफी घ्या आणि अभ्यास वेगळा, आपल्या गतीने करा. १९ वर्षांवरच्यांना लेव्हल २ पर्यंत गणित-इंग्रजी कॉलेजात मोफत असतं, रहिवासाच्या अटी तुम्ही पूर्ण करताच. शाळेनेच करायला लावलं, तर तो अभ्यास पगारी वेळेतच झाला पाहिजे, रात्री घरी नव्हे. हे फार लोकांना कुणी सांगत नाही.

आणखी एक. करारात तास आणि पगार बघा. अप्रेंटिसचा किमान दर एप्रिल २०२५ पासूनच्या वर्षात ताशी ७.५५ पौंड होता, तुमच्या वयाचा १२.२१. पहिल्या वर्षी कमी दर देणं कायद्यात बसतं. आठवड्याला तीसपेक्षा कमी तास असतील तर मुदत लांबू शकते.

निळीशाई

माझा मुलगा १७ चा आहे, इलेक्ट्रिशियनची लेव्हल ३ करायची म्हणतो, जीसीएसई गणितात ३ आली. त्यालाही माफी?

पावणेदोन

नाही. १९ च्या आतल्यांना जुनाच नियम. अप्रेंटिसशिप सुरू करू शकतो, पण शेवटच्या मूल्यमापनाआधी गणित सोडवावं लागेल. तसंही इलेक्ट्रिशियनला ते सुटत नाही.

घाटमाथा

अवांतर: मी चाकणला फिटर. आयटीआयला वर्कशॉप कॅल्क्युलेशनने मलाही रडवलं होतं. आज व्हर्नियर हातात घेतला की आकडे आपोआप सुचतात. ताई, शुभेच्छा.

ओसरी

सगळ्यांचे आभार, विशेषतः पावणेदोन यांचे.

हेडना विचारलं. म्हणाल्या, आमची काहीच अट नाही, आम्हाला वाटलं संस्थेचीच आहे! माफीचं लिहून घेतलं. सव्वीस तासांचा करार आहे, पगार कमी करणार नाहीत. गणिताला कॉलेजात संध्याकाळच्या वर्गात नाव घातलंय, इंग्रजी पुढच्या वर्षी.

काल सरावाचा पेपर सोडवला आणि मुलाला तपासायला दिला. लाल पेन घेऊन बसला होता. उत्तर बरोबर असूनही एका प्रश्नाला तीनपैकी एकच मार्क दिला आणि शेजारी लिहिलं, 'आई, वर्किंग कुठेय?'