पंधरा हजारांत सीडी प्लेयर घ्यायचा तर जुनाच घ्यावा

गोदाकाठ, नांदेड

मंडळी, ओळखीतले बरेच जण एकच प्रश्न विचारायलेत. घरात ॲम्प्लिफायर आहे, स्पीकर बरे आहेत, कपाटभर सीड्या आहेत, पण प्लेयर बंद पडलाय. पंधरा हजारांच्या आत काय घ्यावं? माझं मत ठाम आहे, म्हणून स्वतंत्र धागा काढतोय. एवढ्या पैशात नव्या मालाकडे बघूच नका. नव्वदच्या दशकातला, फक्त सीडी वाजवणारा, चांगल्या कंपनीचा डेक जुन्या बाजारातून घ्या आणि उरलेले पैसे दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा.

कारण सांगतो. १९८२ साली सोनीचा सीडीपी-१०१ जपानात विक्रीला आला, त्याच्या आधीच १६ बिट आणि सेकंदाला ४४,१०० नमुने हे सीडीवरच्या आवाजाचं माप ठरलेलं होतं. ते आजही तेच आहे. तबकडीवर जेवढं आहे तेवढंच नवा प्लेयर वाचतो आणि जुनाही तेवढंच वाचतो. त्या आकड्यांचा आवाज करणारी चिप, म्हणजे डॅक, नव्वदच्या मध्यापर्यंत एवढी सुधारली होती की त्यानंतर कानाला कळेल असा फरक फार थोडा उरला. मग पैसा कशात घालायचा? यंत्रात. ट्रे, मोटर, लेझरचं पिकअप (म्हणजे तबकडी वाचणारा लेझर आणि भिंगाचा भाग) आणि वीजपुरवठा. त्या काळच्या मधल्या किमतीच्या डेकचंही झाकण काढून बघा, आत वजनदार ट्रान्सफॉर्मर आणि पत्र्याची जाड चौकट दिसते. आज पंधरा हजारांच्या आत नवं म्हणून जे मिळतं ते बहुतेक भिंतीला टांगायचं नाहीतर ब्लूटूथवालं खेळणं असतं. ब्लूटूथवर आवाज दाबूनच पाठवला जातो, मग सीडी लावायचीच कशाला?

मी जास्त करून ख्याल ऐकतो. किशोरीताईंचा विलंबित चालू आहे आणि मधेच यंत्र अडखळलं, तर पुढचा अर्धा तास मन लागत नाही. म्हणून माझ्या लेखी प्लेयरचा पहिला गुण भरवसा. बाकी सगळं त्यानंतर.

शहागंज, छत्रपती संभाजीनगर

दादा, तुमच्याबद्दल आदर आहे, पण हा सल्ला नवख्या माणसाला खड्ड्यात घालणारा आहे. पंचवीस-तीस वर्षांच्या यंत्रात भरवसा कुठून आणायचा? लेझर किती तास जळलाय हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. "एकदम ओके, घरगुती वापर" म्हणून तो देतो, आठ दिवसांत पडद्यावर "नो डिस्क" येतं. मग तुम्ही तो डबा घेऊन फिरा. पूर्वी प्रत्येक तालुक्याच्या गावात रेडिओ-टेप दुरुस्त करणारा एक तरी माणूस असायचा. त्या दुकानांत आज मोबाइलचे काचकव्हर विकतात.

माझं म्हणणं, सहा महिने थांबा आणि नवा घ्या. डेनॉनचा डीसीडी-६००एनई, यामाहाचा सीडी-एस३०३, मरांट्झचा सीडी६००७. किंमत तीस हजारांच्या पुढे जाते, मान्य आहे. पण पावती मिळते, वॉरंटी मिळते, यंत्र आपल्या २३० व्होल्टसाठीच बनलेलं असतं. दहा वर्षं चाललं तर वर्षाचा खर्च काढा. स्वस्त या शब्दाचा हिशोब पहिल्या दिवशी करायचा नसतो.

मोंढा, परभणी

एवढा खल कामून करायलेत कळंना. घराघरात माळ्यावर डीव्हीडी प्लेयर पडून हाय. तो काढा, पुसा, मागं कोएक्सिअल नाहीतर ऑप्टिकल आउट, म्हंजी आकडे बाहेर काढायचं डिजिटल भोक, असंल तर तिथून दोन-तीन हजारांचा डॅक जोडा, झालं काम. डीव्हीडी प्लेयर सीडी वाचतोच की. आकडे बाहेर पडले की आवाज डॅक करतो, डब्याचा काय संबंध? माझ्याकडं असंच चालू हाय आणि झकास वाजायलंय. पंधरा हजार राहू द्या, स्पीकर बदला. आवाजात फरक पडतो तो तिथं पडतो.

गोदाकाठ, नांदेड

मोंढेकर भाऊ, स्पीकरबद्दल शंभर टक्के खरं बोललात. ज्याचे स्पीकर सुमार आहेत त्याने प्लेयरचा विचारच पुढे ढकलावा.

पण डीव्हीडी प्लेयरला दोन अडचणी आहेत. बहुतेकांच्या तोंडावर धड आकडेही दिसत नाहीत, कितवं गाणं चालू आहे हे बघायला टीव्ही लावावा लागतो. गाणं ऐकायला बसायचं आणि समोर टीव्हीचा निळा पडदा, हे मला जमत नाही. दुसरी अडचण मोठी आहे. मैफिलीच्या सीडीत आलाप एका ट्रॅकवर आणि बंदिश पुढच्या ट्रॅकवर असते, मधे गाणं थांबलेलंच नसतं. बरेच स्वस्त डीव्हीडी प्लेयर त्या सांध्यावर क्षणभर आवाज बंद करतात. तानपुरा चालू असताना ती खाच कानाला फार लागते. घेण्याआधी अशीच सीडी लावून तो सांधा ऐकावा. काही डब्यांतून तर डिजिटल आउटला सेकंदाच्या ४४,१०० नमुन्यांचे ४८,००० होऊन बाहेर पडतात, म्हणजे "आकडे आहेत तसे" हेही सगळीकडे खरं नाही.

शहागंजवाले दादा, तीस हजार ज्याच्याजवळ आहेत त्याने जरूर नवा घ्यावा. माझा धागा पंधरा हजारवाल्यांसाठी आहे. शिक्षक आहे, लेकरं शिकायलीत, त्याला "थांबा" म्हणणं सोपं आहे. तोवर सीड्या कपाटातच राहतात.

सोल्डरगन, लातूर

माझा धंदाच हा आहे. टेप, सीडी, ॲम्प्लिफायर, जे येईल ते दुरुस्त करतो. त्यामुळे दोन्ही बाजूंना थोडं थांबवतो.

शहागंजचे दादा म्हणतात तसा प्रत्येक वेळी लेझर गेलेला नसतो. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या डेकमध्ये बऱ्याचदा ट्रेचा रबरी पट्टा कडक झालेला असतो, म्हणून तोंड उघडत नाही. पट्टा काही रुपयांचा. दुसरं म्हणजे पिकअप ज्या दांड्यावर सरकतं तिथलं ग्रीस वाळून घट्ट झालेलं. तिसरं आपल्याकडची धूळ. काळ्या रानाची उन्हाळ्यातली बारीक धूळ भिंगावर असा थर देते की ते आंधळं होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी किंचित ओली करून अलगद फिरवली की तोच डेक पुन्हा वाचायला लागतो. दाबू नका, भिंग अगदी नाजूक तारांवर तरंगत असतं. आणि डेक चालू असताना भिंगात डोळा घालून बघायचं नाही. सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा असतो, डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, म्हणूनच जास्त धोक्याचा.

आता गोदाकाठ सरांना. "जुनाच घ्यावा" हे सरसकट खरं नाही. जुना डेक घ्यायचा की नाही हे कंपनीवर ठरत नाही, आतल्या पिकअपच्या नंबरवर ठरतं. सोनीचं केएसएस-२१३ असेल किंवा फिलिप्सवाल्यातला व्हीएएम-१२०२ असेल तर डोळे झाकून घ्या. ही पिकअपं एवढ्या प्लेयरमध्ये वापरली गेली की त्यांच्या नकला आजही बनतात आणि ऑनलाइन मिळतात. सगळ्या नकला सारख्या चांगल्या नसतात, पण डेक जिवंत राहतो. याउलट एकेकाळचा लाखमोलाचा डेक असला आणि त्याचं पिकअप बनणं बंद झालेलं असलं, तर फुकट मिळाला तरी घेऊ नका. टीडीए-१५४१ या जुन्या डॅक चिपच्या नावाखाली जुन्या यंत्रांचे भाव चढवतात, त्यालाही भुलू नका. चिप क्वचितच मरते, पिकअप मरतं.

स्वतः पिकअप बदलणार असाल तर एक गोष्ट. नव्या केएसएस-२१३ च्या छोट्या पाटीवर सोल्डरचा एक टिपका मुद्दाम घातलेला असतो. अंगातल्या स्थिर विजेने लेझर जळू नये म्हणून दोन टोकं जोडून ठेवतात. जोडणी झाल्यावर तो टिपका काढायचा असतो. तो तसाच राहिल्यामुळे "नवं पिकअप पण खराब निघालं" म्हणत लोक माझ्याकडे येतात. दोन मिनिटांचं काम असतं.

विकत घेताना बघायचं ते असं. स्वतःच्या सीड्या घेऊन जा, त्यात एक सत्तर मिनिटांच्या वरची असू द्या. सीडी आतून बाहेर वाचली जाते. सुरुवातीला ती मिनिटाला पाचशेच्या आसपास फेरे घेते, बाहेरच्या कडेला दोनशेच्या. तबकडी जरा वाकडी असली तर कडेलाच जास्त हेलकावते, म्हणून दमलेलं पिकअप शेवटच्या गाण्यावर उघडं पडतं. पहिल्यावरून थेट शेवटच्यावर उडी मारून बघा. घरघर करत बसलं तर सोडा. मग घरी कॉपी केलेली एक सीडी-आर लावा. तिच्यावरून लेझर कमी परततो, दुबळ्या पिकअपला ती जड जाते. आणि विकणारा चहा पाजत असेल तर जरूर प्या, तेवढ्यात डेक तापू द्या. गार असताना सगळेच वाजतात.

तानपुरा, बीड

सगळे प्लेयरवर बोलायलेत, तबकडीवर कोणीच नाही. आपल्याकडे मैफिलीची रेकॉर्डिंगं सीडी-आरवर उतरवून एकमेकांना द्यायची पद्धत होती. माझ्याकडची निम्मी अशीच आहेत आणि त्यातली बरीच बाजारात कधी आलीच नाहीत. सीडी-आरमधला रंगाचा थर उष्णतेने आणि उजेडाने खराब होतो. मे महिन्यात आपल्या पत्र्याच्या खोल्यांत काय हाल होतात ते सांगायला नको. अशा तबकड्या प्लेयरमध्ये फिरवत बसण्यापेक्षा आधी संगणकावर उतरवा. यूएसबीचा डीव्हीडी रायटर दीड-दोन हजारांत मिळतो. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा प्रोग्राम फुकट आहे, वाचताना चूक झाली तर तोच भाग पुन्हा पुन्हा वाचतो. फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाज न गमावता फाइल लहान करणाऱ्या प्रकारात, ठेवलं तर शंभर सीड्या साधारण चाळीस जीबीत बसतात आणि आवाजातला एक कणही जात नाही. मग प्लेयर जुना की नवा हा वादच संपतो. बाजारातल्या गाण्यांचं म्हणाल तर ॲपल म्युझिकवर २०२१ पासून लॉसलेस, म्हणजे काहीही न गमावलेला आवाज, मिळतोच.

योगेश्वरी परिसर, अंबाजोगाई

तानपुरा दादा, जतन करायचं म्हणून तुमचं बरोबर आहे आणि मीही ते करणार आहे. पण ऐकणारं माणूस कोण, हे कोणी विचारातच घेत नाही. आमच्याकडे सीड्या सासूबाई ऐकतात. सकाळी अभंग, दुपारी भीमसेनजी. त्यांना लॅपटॉप उघडून फोल्डर शोधायला लावणं म्हणजे त्यांचं ऐकणं बंद करणं. तबकडी ट्रेमध्ये ठेवली, बटण दाबलं, गाणं लागलं, एवढंच त्यांना हवं असतं. कव्हरवरचा फोटो बघून त्या सीडी ओळखतात.

माझ्या दृष्टीने पैसे वसूल कशाने होतात ते सांगते. आकडे लांबून दिसायला हवेत. बटणं मोठी हवीत. रिमोट हवा. गोदाकाठ काका, जुने डेक बहुतेक रिमोटशिवायच विकतात आणि काही सोयी फक्त रिमोटवरच असतात, याचा उल्लेख तुम्ही केला नाही. आणि घरात बाकीची माणसं झोपलेली असताना हेडफोनचं भोक आणि त्याला वेगळी आवाजाची कळ असली तर फार उपयोग होतो. चिपचं नाव मला कधीच लागलं नाही.

आता माझा प्रश्न. संभाजीनगरात दोन जुने डेक विकायला आहेत. एक दिसायला देखणा, रिमोटसकट, स्वस्त, पण मागे १०० व्होल्ट लिहिलंय. दुसरा २३० चा, साधा, रिमोट नाही, अडीच हजारांनी महाग. कोणता घेऊ?

गोदाकाठ, नांदेड

ताई, रिमोटचा मुद्दा रास्त आहे. मी स्वतः डेकच्या शेजारी बसून ऐकतो, पण सगळ्यांच्या घरात तसं नसतं. दुसराच घ्या असं मी म्हणेन, तरी लातूरकरांचं ऐका.

सोल्डरगन, लातूर

ताई, १०० व्होल्टचा डेक जपानी बाजारातला आहे. त्याला स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो, तोही चांगला, म्हणजे स्वस्ताई तिथेच गेली. घरात झाडलोट करताना कोणी प्लग काढला आणि नंतर थेट भिंतीतल्या सॉकेटला लावला, की एका क्षणात फ्यूज उडतो, नाहीतर आतला ट्रान्सफॉर्मर जातो. सासूबाई एकट्या वापरणार असतील तर तो घेऊच नका.

दुसऱ्याचा रिमोट मिळून जातो. त्याच कंपनीच्या दुसऱ्या प्लेयरचा रिमोट पुष्कळदा चालतो, नाहीतर शिकवायचा युनिव्हर्सल रिमोट मिळतो. विकणाऱ्याला वरचं झाकण काढून पिकअपवरच्या नंबरचा फोटो पाठवायला सांगा. "झाकण निघत नाही" म्हणाला तर तिथेच विषय संपवा. फोटो आला की इथे टाका, मी पाहून सांगतो. तुमच्या भागात रात्री व्होल्टेज वर-खाली होत असेल तर सोबत छोटा स्टॅबिलायझर लावा. नवा डेक घेतला तरी लावा.

शहागंज, छत्रपती संभाजीनगर

ताई, डेक आमच्याच शहरात आहे तर विकणाऱ्याला माझ्याबद्दल सांगून ठेवा, रविवारी जाऊन वाजवून बघतो. नवाच घ्यावा हे माझं मत अजून तेच आहे. पण तुम्हाला जुना घ्यायचाच असेल तर न ऐकता घेऊ नका. सत्तर मिनिटांच्या वरची सीडी माझ्याकडे आहे, सीडी-आर नाही. तानपुरा दादा, तुमच्याकडची एखादी पाठवता का?

तानपुरा, बीड

शुक्रवारी तिकडे येतोय, घेऊन येतो. उतरवून झालेलीच आणतो.