हिवाळ्यात हरितगृहातील टोमॅटोची फुलगळ: हीटर घ्यावा की पीक बदलावे?

प्रश्न – गादीवाफा

आमचे हरितगृह लहान आहे. लांबी ६ मीटर, रुंदी ४ मीटर, वर २०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद एकेरी ताणलेला असून आत उष्णतेची कोणतीही वेगळी सोय नाही. थंडीच्या तोंडावर लावलेली टोमॅटोची रोपे उंच झाली, परंतु फुले देठापासून गळून पडतात, पानांची खालची बाजू जांभळट दिसते आणि काही खोडांवर राखाडी बुरशीही आली आहे. रात्री आतील तापमान ६ ते ८ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते. ऊब टिकावी म्हणून झडपा दिवसभर बंदच असतात. हीटर घ्यावा की पीकच बदलावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर – ठिबक

रात्रीचे तापमान सतत १० अंशांच्या खाली राहिले की टोमॅटोच्या परागकणांची फलनक्षमता घटते आणि फळधारणा न झालेली फुले गळतात. जांभळटपणाचे कारण बहुधा मुळांशी आहे, कारण थंड मातीत मुळांना स्फुरद नीट उचलता येत नाही. म्हणून स्फुरदयुक्त खत वाढवण्याची घाई करू नये. मातीत ते असते, मुळे मात्र सुस्तावलेली असतात.

हीटरचा हिशेब आधी कागदावर मांडावा. एकेरी प्लास्टिकमधून दर चौरस मीटरला, आत-बाहेरच्या प्रत्येक अंश फरकामागे, साधारण ६ वॅट उष्णता निसटते. आपल्या रचनेच्या भिंती व छत मिळून ६५ चौरस मीटरच्या आसपास क्षेत्र भरेल. बाहेर ३ अंश असताना आत १३ अंश राखायचे म्हटले, तर सुमारे ४ किलोवॅट उष्णता सतत द्यावी लागेल. बारा तासांच्या रात्रीत ती ४५ युनिटांच्या पुढे जाते, आणि फटींतून शिरणारा वारा यात धरलेलाच नाही. इतका खर्च चार वाफ्यांच्या टोमॅटोसाठी करावा असे मला वाटत नाही.

उत्तर – कोवळी पात

वरील हिशेब योग्यच आहे, परंतु वीज फुकट मिळाली तरी प्रश्न सुटणार नाही, कारण हिवाळ्यात खरी टंचाई प्रकाशाची असते. दिवस दहा तासांहून लहान झाला की थंडी सोसणाऱ्या भाज्यांचीही वाढ जवळजवळ थांबते, आणि अशा काळात नुसती ऊब दिल्यास रोपे लांबट, फिकट व लुसलुशीत होतात. दिवस किती लहान होतो हे अक्षांशावर अवलंबून असल्यामुळे आपल्या जागेचे सूर्योदय-सूर्यास्त पाहून दहा तासांची तारीख शोधावी आणि पालक, लेट्यूस, केल यांची पेरणी अशा बेताने करावी की त्या तारखेपर्यंत रोपे तीन चतुर्थांश तरी वाढलेली असतील. पुढे हरितगृहाचे काम ती वाढवण्याचे नसून काढणीपर्यंत ताजी राखण्याचे असते. कागदावरची धूळ धुऊन काढणे हा प्रकाश वाढवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि नेमका तोच बहुतेकांकडून राहून जातो.

बंद झडपांबद्दल मात्र स्पष्टच लिहितो: राखाडी बुरशीला आपणच आमंत्रण दिले आहे. ती थंड, दमट आणि कोंदट हवेत, विशेषतः पाने कित्येक तास ओली राहिली की फोफावते. ऊन चढू लागताच झडपा थोडा वेळ उघडून रात्रीची दमट हवा बाहेर जाऊ द्यावी, पाणी फक्त सकाळी व मुळाशीच द्यावे आणि बुरशी लागलेले भाग कोरड्या दिवशी कापून हरितगृहाबाहेर न्यावेत. बंद हरितगृहात भर उन्हात कार्बन डायऑक्साइडही झपाट्याने कमी होतो, त्यामुळे हवा खेळती ठेवण्याचा लाभ दुहेरी आहे.

गादीवाफा

सविस्तर उत्तरांबद्दल आभार. टोमॅटो काढून पालेभाज्या घेण्याचे ठरवतो आहे. दिवसा ऊन शोषून रात्री ऊब देणारी पाण्याची पिंपे ठेवावीत असेही वाचनात आले. त्यांचा कितपत उपयोग होईल?

उत्तर – ठिबक

दोनशे लिटरचे पिंप रात्रभरात ५ अंशांनी थंड झाले, तर त्यातून जेमतेम १.२ युनिट उष्णता मिळते. वरच्या ४५ युनिटांसमोर ती नगण्यच, शिवाय पिंपे वाफ्याची जागा अडवतात. चीनच्या उत्तर भागातील हरितगृहांत हेच काम उत्तरेकडची जाड मातीची भिंत करते आणि रात्री कागदावर जाड गोधडीसारखे आवरण पसरतात. साठवलेल्या उष्णतेला अशा झाकणाची जोड मिळाली तरच ती पुरते. आपल्या रचनेत पिंपांऐवजी वाफ्यांवर वाकवलेल्या तारांचा सांगाडा करून त्यावर रात्री न विणलेल्या कापडाचे हलके आच्छादन घालावे. कापड पानांना टेकू देऊ नये आणि सकाळी न विसरता काढावे, अन्यथा दुर्मीळ प्रकाश त्यातच अडकतो. पालक व केल यांना एवढे संरक्षण पुरेसे ठरते.

उत्तर – कोवळी पात

एक पुरवणी: कमी प्रकाशात पालेभाज्यांत नायट्रेट साठते, म्हणून हिवाळाभर नत्रखताचा हात आखडता ठेवावा आणि काढणी सकाळऐवजी उन्हाच्या दिवशी दुपारनंतर करावी. गोठलेली पाने दिसल्यास ती पूर्ववत होईपर्यंत त्यांना हात लावू नये.