मदत हवी आहे: टोप्या ढगळ होतायत, टाके किती घालू? (४ फेब्रुवारीच्या आत!!)

मेहरूणकाठची
नमस्कार. आमच्या भिशीतल्या बायकांनी कॅन्सर पेशंटसाठी टोप्या विणून द्यायचं ठरवलंय. ५१ करायच्यात, २३ झाल्या. पाच तिकडे दाखवायला नेल्या तर म्हणे ढगळ होतात, डोळ्यांवर येतात. मी स्वतः घालून बघितल्यात, मला नीट बसतात! माप आईचंच आहे, वर्षानुवर्षं चालत आलेलं. तर टाके किती कमी करू तेवढं सांगा. ४ फेब्रुवारीला जागतिक कॅन्सर दिन, त्या दिवशी द्यायच्यात. फोटो चढत नाहीये.

सुलट_उलट
आईचं माप म्हणजे किती टाके? सुई कितीची? लोकर की सूत? मोठ्यांना की मुलांना? आणि "तिकडे" म्हणजे कुठे? आकडा हवेतून कसा काढू?

भुसावळ_जंक्शन
खानदेशात विणलेली टोपी! मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ ला टेकतो. बिचाऱ्या पेशंटला उकडून मारायचा विचार आहे का? त्यापेक्षा जुन्या सुती धोतराच्या टोप्या शिवा, एका धोतरात कितीतरी होतात.

धुळेकर
भाऊ, सध्या जानेवारी चालू आहे. धुळ्यात पहाटे पारा एक आकडी असतो. डोक्यावर केस नसताना एकदा घराबाहेर झोपून बघा.

मेहरूणकाठची
१२० टाके. मोठ्या बायकांसाठी. एक सुलट एक उलट अशी दोन इंच बॉर्डर, मग सगळं सुलट. एवढं पुरे ना? अर्जंट आहे हो.

क्रोशे_नाशिक
सुया सोडा, क्रोशे घ्या. वरून गोल सुरू करायचं, घालून बघत बघत वाढवायचं, टाके मोजायची कटकटच नाही. आणि दोन सुयांवरच्या टोपीला मागे शिवण येते, ती उघड्या कातडीला टोचते.

सुलट_उलट
क्रोशेची वीण जाड होते आणि ताणत नाही. मुके खांब (क्रोशेचे आखूड टाके) घट्ट घातले तर टोपली होते. शिवणीचा त्रास असेल तर गोल सुईवर विणावं, शिवणच येत नाही. साध्या सुयांवर केली असेल तर शिवण सपाट घालून टोपी उलटी करून घालावी. मेहरूणकाठच्या ताई, सुईचा नंबर आणि धागा अजून सांगितला नाहीत.

क्रोशे_नाशिक
टोपली तुमची होत असेल. मी आजवर शेकड्यांनी केल्यात.

रावेरी_केळी
मुंबईला नेणार असाल तर अमरावती एक्सप्रेसने जा, रात्री बसलं की सकाळी पोहोचता. दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत टाटाचे पुष्कळ पेशंट राहतात, आपल्याकडचेही भेटतात. मामाला घेऊन मी दोन महिने तिथे काढलेत.

केशदान_करा
टोप्यांपेक्षा केस दान करा! त्याचे विग होतात. मी स्वतः कमरेपर्यंतचे दिले.

मेहरूणकाठची
केस नाही द्यायचे हो, टोप्या द्यायच्यात. मुंबईला नाही, इथेच जळगावात. सुई ८ नंबर. आईची १० नंबरची होती, पण ८ ची सुई जाड, तिच्यावर भराभर होतं. धागा कॉटन, ४ प्लाय. आई लोकरीच्या करायची, पण लोकर टोचते असं वाचलं म्हणून बदलला. टाके तेवढेच ठेवलेत.

सुलट_उलट
अहो, मग तिथेच तर घोळ आहे! सुई बदललीत, धागा बदललात आणि टाके जुनेच ठेवलेत. एक टोपी धुवा, वाळवा आणि सुलट भागावर चार इंचात किती टाके बसतात ते मोजा. ताणायची नाही, सपाट ठेवून मोजायची. धुण्याआधी मोजलंत तर उपयोग नाही, कॉटन पाण्यातून काढल्यावर सैल पडतं आणि लोकरीसारखं परत आवळत नाही.

मेहरूणकाठची
धुतलेली होतीच एक. चार इंचात २०.

सुलट_उलट
म्हणजे इंचाला ५. १२० ला ५ ने भागा: २४ इंच. बाईचं डोकं साधारण २२ इंच, टोपी त्याहून दोनेक इंच कमी लागते, तरच धरून बसते. तुमची उलट दोन इंच जास्त. आईच्या १० नंबरवर लोकरीचे इंचाला ६ बसत असणार, १२० म्हणजे बरोबर २० इंच. आईचं चुकलेलं नाही.
८ नंबरवर १०० टाके घाला. बॉर्डर मात्र १० नंबरवर करा, कॉटनला आवळून धरायला तेवढं लागतंच.

मेहरूणकाठची
पण मग मला कशी बसते??

धुळेकर
ताई, केस किती आहेत तुम्हाला?

मेहरूणकाठची
अंबाडा घालते मी. टोपी त्याच्यावरूनच घालून बघितली. अरे देवा.

भुसावळ_जंक्शन
😂 काय व माय!

तापीकाठ
मी चोपड्याची. दोन वर्षांपूर्वी केमो झाली, म्हणून लिहिते. माझे केस पहिल्या केमोनंतर तिसऱ्या आठवड्यात गेले. सगळ्याच औषधांनी जातात असं नाही, पण माझे गेले. आमच्याकडे पदर डोक्यावरून घ्यायची सवय. केस गेल्यावर पदर टिकेचना, सारखा घसरायचा आणि चारचौघांत मी उघडी पडायची. टोपीचा खरा उपयोग मला तिथे झाला: आत पातळ टोपी, वरून पदर. म्हणून जाड नको, वर गोंडा नको, मोती-फुलं तर अजिबात नकोत. एक जाडसर रात्रीसाठी लागते, डोकं गार पडतं.
आणि डांबरगोळ्यांच्या पेटीत ठेवू नका. सुगंधी पावडरही नको. त्या दिवसांत मला उदबत्तीच्या वासानेही उलटी यायची.

सुलट_उलट
हे महत्त्वाचं. शिवाय केमोत पांढऱ्या पेशी कमी होतात, संसर्ग पटकन होतो. साध्या साबणाने धुवा, पूर्ण वाळवा, प्रत्येक टोपी वेगळ्या पिशवीत बंद करा. घालून बघायची ती नमुन्याची एकच, बाकीच्या नाही.

मेहरूणकाठची
२३ च्या २३ घालून बघितल्यात. धुते परत.
रंग पांढरा घेतलाय, स्वच्छ दिसतो म्हणून. चालेल?

तापीकाठ
माझ्या सासूने घरात आणू दिली नसती. मलाही नको वाटायची. दवाखान्यात आधीच सगळं पांढरं असतं. आपल्याकडच्या बायकांना मेंदी, मरून, गडद निळा द्या, लुगड्यावर जातो.

केशदान_करा
तुमच्याकडे लांब केस आहेत असं दिसतं. विचार करा.

रावेरी_केळी
पुरुषांसाठी कोणीच का करत नाही? मामा रुमाल बांधायचा, उपरण्याचा. रात्री सुटायचा. गावात गेल्यावर गांधी टोपी घालायचा, तीही मोठी व्हायला लागली, शेवटी मामीने मागून चुणी घालून दिली.

मेहरूणकाठची
पुढच्या १० पुरुषांसाठी करू मग. त्यांचे टाके?

सुलट_उलट
डोकं २३ इंच धरा, टोपी २१, म्हणजे १०५. एक सुलट एक उलट बसायला टाके सम हवेत, म्हणून १०६.

मेहरूणकाठची
आणि ह्या २३ पांढऱ्या ढगळ? उसवायच्या? भिशीतल्या काकूंना कोणत्या तोंडाने सांगू, त्यांनी रात्री जागून केल्यात.

क्रोशे_नाशिक
उसवू नका. क्रोशेने साखळीची दोरी करा (बघा, लागलंच क्रोशे), बॉर्डरमधून ओवा आणि ज्याच्या-त्याच्या मापाने आवळू द्या. रंग घरी देता येतो, कॉटन रंग छान धरतं.

तापीकाठ
गाठ मागे नको, उशीवर टोचते. कानाच्या बाजूला येऊ द्या. आणि रंग दिलात तर पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. घामाने रंग कपाळावर उतरला तर बाईला अजून एक घाबरायचं कारण.

भुसावळ_जंक्शन
धोतराचं कोणी मनावरच घेतलं नाही. असो. माझ्याकडे चार जुनी आहेत, मऊ झालेली. आतून अस्तर लावायला चालतील का?

मेहरूणकाठची
चालतील ना भाऊ! चारही द्या. रविवारी भुसावळला येते आहे, मेसेज करते.
काल १०० टाक्यांची एक केली, १० नंबर बॉर्डर. धुवून वाळवून मोजली, साडेएकोणीस इंच. ह्या वेळी घालून नाही बघितली. उद्या नेऊन दाखवते, मग काकूंना सांगते.

जामनेरकर
एवढं सगळं वाचायला वेळ नाही. टोपीला १२० टाके घालायचे, आमची आई तेवढेच घालायची.