मदत हवी आहे : एल्फिन्स्टन घराण्याचे चिन्ह लग्नपत्रिकेवर छापावे का?

वधूपिता
मुलीच्या लग्नाची पत्रिका शुक्रवारी छापखान्यात द्यायची आहे, म्हणून कृपया लवकर उत्तर द्यावे. होणाऱ्या जावयांचे आडनाव एल्फिन्स्टन आहे. आडनावांची कुलचिन्हे विकणाऱ्या एका संकेतस्थळावरून पैसे भरून मी त्यांचे चिन्ह मागवले. रुपेरी ढालीवर घराच्या आढ्यासारखी काळी पट्टी आणि तिच्याभोवती रानडुकरांची तीन लाल मुंडकी, असे ते आहे. गणपतीच्या खाली डुकरांची मुंडकी छापू देणार नाही, असे मातोश्रींनी निक्षून सांगितले आहे. या आडनावाचे दुसरे एखादे सौम्य चिन्ह आहे का? शिवाय ‘मुंबईच्या माजी गव्हर्नरांचे वंशज’ हा उल्लेख कोणत्या शब्दांत करावा?

जुने_दप्तर
कोणत्या गव्हर्नरांचे? मुंबईला या आडनावाचे दोन गव्हर्नर लाभले : माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन (१८१९ ते १८२७) आणि जॉन, म्हणजे तेरावे लॉर्ड एल्फिन्स्टन (१८५३ ते १८६०). दोघेही आजन्म अविवाहित राहिले, त्यामुळे ‘वंशज’ हा शब्द आधी खोडावा. जावयांचे घराणे मूळचे कुठले, हे आपण लिहिलेलेच नाही.

दादरकर
येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयाला नाव माउंटस्टुअर्ट यांचे आहे, परंतु २०१८ मध्ये ज्याचे प्रभादेवी झाले त्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाला लॉर्ड जॉन यांचे होते. त्या स्थानकाच्या पुलावरून तीस वर्षे ये-जा केलेल्या माणसांनाही हे सांगून पटत नाही.

वधूपिता
स्थानकाविषयी मी विचारले नव्हते. जावयांचे आजोबा स्कॉटलंडमधील एअर्थ गावचे, वडील नोकरीसाठी टोरंटोला गेले. निम्मी आमंत्रणे स्कॉटलंडलाच जायची आहेत. आता तरी चिन्हाचे सांगावे.

फोर्थकाठ
मी एडिंबरोला राहतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. हे आडनाव आपल्याकडच्या ‘कर’ लावलेल्या आडनावांसारखे गावावरून आलेले आहे. ते गाव म्हणजे ईस्ट लोथियनमधील ट्रॅनेंटजवळचे एल्फिन्स्टन. शेवटच्या ‘स्टन’चा दगडाशी संबंध नाही, ‘टन’ म्हणजे वाडी आणि आधीचा ‘स’ षष्ठीचा, म्हणजे कोणा एकाची वाडी. पुढे घराण्याची एक शाखा फोर्थ नदीकाठी एअर्थ परिसरात आली आणि तेथे तिने उभारलेल्या बुरूजवजा गढीलाही एल्फिन्स्टन हेच नाव मिळाले. एका गावाने घराण्याला नाव दिले आणि घराण्याने ते दुसऱ्या जागेला दिले, म्हणून वंशावळी शोधणारे येथे हमखास चुकतात. याच घराण्यातले पहिले लॉर्ड १५१३ मध्ये फ्लॉडनच्या लढाईत पडले. मात्र स्कॉटलंडमध्ये जमीनदाराचे आडनाव त्याच्या कुळांनीही लावण्याची चाल होती, तेव्हा एअर्थचा एल्फिन्स्टन लॉर्डांच्या रक्ताचाच असेल, असे धरून चालू नये.

आता चिन्हाविषयी. आपल्याला विकलेली ढाल बनावट नाही, परंतु ती आडनावाची नसून एका व्यक्तीची, म्हणजे लॉर्ड एल्फिन्स्टन यांची आहे. स्कॉटलंडमध्ये ढालीवरचा अधिकार व्यक्तीला मिळतो आणि त्याची नोंद लॉर्ड लायन, म्हणजे तेथील कुलचिन्हांचे सरकारी अधिकारी, यांच्या दरबारात होते. १६७२ च्या कायद्याने सुरू झालेली ती नोंदवही आजही चालू आहे.

तोडगेवाले
उगाच घाबरवू नये. माझ्या साहेबांच्या टेबलावर अशाच चिन्हाचा कॉफीचा मग आहे आणि त्यांना अद्याप कोणी पकडून नेलेले नाही. खुशाल छापावे, मुंडक्यांच्या जागी कमळे घालावीत.

फोर्थकाठ
कमळे घातली की ती ढाल कोणाचीच राहत नाही. लायन दरबाराला स्वतःचा सरकारी अभियोक्ता आहे आणि दुसऱ्याची ढाल मिरवणे तेथे गुन्हा ठरतो. पुण्यात कोणी विचारणार नाही हे खरे, पण पत्रिका एअर्थच्या नातेवाइकांच्या हाती पडणार आहे.

माहेरवाशीण
मुलीने लग्नानंतर माहेरचेच आडनाव ठेवावे, असे मी अनुभवाने सांगते. पारपत्राच्या कामाला माझे सात महिने गेले.

वधूपिता
ताई, ते तिचे ती ठरवील. एक गोष्ट क्षुल्लक वाटली म्हणून लिहिली नव्हती. जावयांकडे आजोबांची चांदीची पिन आहे. तिची कड पट्ट्यासारखी गोल असून तिला बक्कल आहे, आत कमरेपर्यंतची नटलेली स्त्री आहे, तिच्या एका हातात किल्ला आणि दुसऱ्या हातात डहाळी आहे. पट्ट्यावरची अक्षरे झिजली आहेत.

फोर्थकाठ
हे आपण पहिल्याच ओळीत लिहायला हवे होते! ती लॉर्ड एल्फिन्स्टन यांची शिरोमुद्रा, म्हणजे ढालीच्या वर असणारे वेगळे चिन्ह आहे आणि झिजलेली अक्षरे ‘कॉज कॉझिट’ या ब्रीदाची असावीत. भोवतीचा बक्कलाचा पट्टा म्हणजे ‘हे चिन्ह माझे नाही, माझ्या प्रमुखांचे आहे आणि मी त्यांच्या माणसांपैकी आहे’ असे सांगण्याची खूण. अशी पिन त्या आडनावाच्या माणसाने अंगावर लावण्यात काहीही गैर नाही. नवरदेवांनी ती शेरवानीला लावावी आणि पत्रिकेवर फक्त गणपती असू द्यावा.

जुने_दप्तर
वंशावळीची हौस असेल तर आजोबांच्या मृत्युनोंदीपासून मागे जावे. १८५५ पासूनच्या स्कॉटिश मृत्युनोंदींत मृताच्या आईवडिलांची नावे, आईच्या माहेरच्या आडनावासह, मिळतात. त्याआधीसाठी चर्चची दप्तरे चाळावी लागतील आणि ते काम शुक्रवारपर्यंत होणारे नाही.

वधूपिता
गव्हर्नरांची ओळ काढली. पिनेला मातोश्रींची हरकत नाही, मात्र भिंगातून ती दोनदा पाहून त्यांनी विचारले आहे की, त्या बाईच्या हातातला किल्ला कोणता?